समृद्धीचा पाट

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, धुळे येथे केलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चालकांनी मला केली, हा त्यांचा लोभ होय. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मी मास्तरकी पत्करली आणि सारे आयुष्य खेड्यापाड्यांतील मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात घालविले. सेवानिवृत्तीनंतर मात्र वाचनालयात बसून वाचण्यास सवड मिळाली, आणि लहानपणापासून मनात घर करून राहिलेल्या एका प्रश्नाचा थोडाफार उलगडा झाला. तो प्रश्न असा की, एकच नदी, एकच काळी माती, एकच पाऊस. असे असता एक गाव पिढ्यान् पिढ्या खाऊनपिऊन सुखी राहते आणि त्याच्या शेजारचे गाव कर्जाच्या चिखलातून पाय वर काढू शकत नाही, हे का?

हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही पडलेला आहे. अमेरिका आणि मेक्सिको या देशांच्या सीमेवर नोगालेस नावाचे शहर आहे. मधून कुंपण जाते. कुंपणाच्या दोन्ही बाजूंचे लोक पूर्वापार एकमेकांचे सोयरे, हवा एक, जमीन एक. तरी उत्तरेकडील घरात पैसा, आरोग्य व शिक्षण अधिक आणि दक्षिणेकडील घरात कमी. आसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तीन पंडितांना 2024 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच भेदाचा शोध घेतल्याबद्दल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, देशाचे दीर्घकालीन भाग्य हे त्याच्या संस्थांवर अवलंबून असते. त्यांच्याही आधी, 1993 साली, डग्लस नॉर्थ या अर्थशास्त्रज्ञाचा गौरव झाला होता. संस्था म्हणजे समाजाने घालून घेतलेले खेळाचे नियम, आणि त्यांत लेखी कायद्यांबरोबर न लिहिलेल्या रीतीभातीही आल्या, असे त्यांनी मांडले होते.

येथे संस्था म्हणजे इमारत, फलक व कार्यकारी मंडळ असा अर्थ आपण घेऊ नये. सर्वांनी मान्य केलेला, बलवान आणि दुबळा या दोघांवर सारखाच चालणारा नियम आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्याची व्यवस्था, एवढ्याला संस्था म्हणावे. आणि संस्कृती म्हणजे कोणी न सांगता अंगवळणी पडलेली वागणूक. नियम असून सवय नसेल तर नियम कागदावर राहतो. सवय असून नियम नसेल तर एका स्वार्थी माणसाच्या धक्क्याने ती सवय मोडते. दोहोंची जोड असेल तरच समृद्धी टिकते, हे मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आपला खानदेश पुरेसा आहे.

प्रथम आपल्या पूर्वजांच्या हाती आलेल्या आणि निसटलेल्या पैशाची गोष्ट सांगतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव एकाएकी कडाडले. त्याच सुमारास लोहमार्गही खानदेशात येऊन पोचला होता. कापूस पिकविणाऱ्या मुलखांत त्या वेळी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या आख्यायिका सांगतात. युद्ध संपले, भाव कोसळले आणि पुष्कळ कुळांच्या घरी ऋणाचे कागद तेवढे शिल्लक राहिले. पैसा आला होता. पण तो साठविण्यास पतपेढी नव्हती, भाव ठरविण्यास शेतकऱ्याची स्वतःची संघटना नव्हती आणि खतावणीत काय लिहिले आहे ते वाचण्यास अक्षरओळख नव्हती. पावसाचे पाणी उतारावरून वाहून जावे तसा तो पैसा वाहून गेला. पाणी अडविण्यास जसा बांध लागतो, तसा लक्ष्मी थोपवून धरण्यास संस्था लागते.

आता बांधाचीच गोष्ट निघाली आहे, तर आपल्या फडपद्धतीविषयी बोलतो. या सभागृहात पांझरेच्या काठची पुष्कळ घरे आहेत. त्यांना मी नवे काही सांगत नाही, पण तरुणांनी ऐकावे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून आपल्या लोकांनी बंधारे घातले. बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चाऱ्या आणि उरलेले पाणी पुन्हा नदीस मिळण्याची सोय, अशी ती रचना. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक आणि कोणता फड पडीत, हे दर वर्षी गाव बसून ठरवी. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे पाणी कमी पडले तर तोटा सर्वांचा आणि पीक आले तर नफाही सर्वांचा. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे काम जागल्याचे आणि देखरेख पंचांची. पाटकऱ्याने पाणी सोडावे, खातेदाराने स्वतः दार फोडू नये, हा नियम. पाटकऱ्याचे वेतन धान्याच्या रूपाने, आणि पाटाचा गाळ काढण्यास घरटी माणूस.

बंधुभगिनींनो, ही सारी व्यवस्था गावाने उभारली आणि गावानेच चालविली. "गाव करी ते राव न करी" ही म्हण आपण नुसती बोलतो. पांझरेकाठी ती शेकडो वर्षे दर हंगामात खरी होत होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या विदुषींनी स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाट, स्वित्झर्लंडमधील डोंगराळ गावांची सामाईक कुरणे आणि नेपाळमधील शेतकऱ्यांचे पाट यांचा अभ्यास केला. सामाईक संपत्ती लोक उधळून टाकतात, म्हणून ती एक तर सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर वाटून खाजगी करावी, असे तोवर सांगितले जात असे. ऑस्ट्रॉमबाईंनी दाखविले की, लोकांनी स्वतः नियम केले, राखणदार लोकांनाच जबाबदार राहिला आणि चुकणाऱ्यास अपराधाच्या मानाने दंड झाला, तर सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा पाटकरी उभा राहिला.

माझे आजोबा पंचांपैकी एक होते. त्यांच्या तोंडून मी लहानपणी ऐकलेली हकीकत आहे. गावातल्या सर्वांत मोठ्या खातेदाराने एका रात्री चारी फोडून आपल्या उसाकडे पाणी वळविले. जागल्याने ते पाहिले. जागल्या गरीब माणूस. पण सकाळी त्याने पंचांपुढे नाव घेतले. तो खातेदार आजोबांचा सख्खा मावसभाऊ होता. पंचांनी दंडाचे धान्य ठरविले, आजोबांनी त्यास मान डोलावली आणि ते धान्य चावडीवर मोजून घेण्यात आले. वर्षभर त्या दोन घरांत बोलणे नव्हते. आजोबा म्हणत, त्या दिवशी दंड झाला नसता तर दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याचे कोणी ऐकले नसते. अर्धा बिघा जमीन असलेल्या माणसाचा पाटावर विश्वास होता, तो त्या मोजलेल्या धान्यामुळे होता.

आता त्याच घरातील नातवाची, म्हणजे माझी, कथा ऐका. आमच्या शेतात विहीर झाली आणि तिच्यावर विजेची मोटर बसली. पहिल्या वर्षी गाळ काढण्यास आम्ही घरचा माणूस न पाठविता मजूर पाठविला. दुसऱ्या वर्षी मीच दादांना म्हणालो, "आपल्याला पाटाचे पाणी लागत नाही, मग गाळ आपण का काढावा?" मी घरातला शिकलेला मुलगा, हिशेब तर बिनचूक होता. दादा एवढेच म्हणाले, "भाऊ, पाट एकलाना नही ऱ्हास, गावना ऱ्हास." पण त्यांनी माझे ऐकले. आम्ही गेलो नाही म्हणून शेजारचा गेला नाही. ज्यांच्या विहिरी होत्या ते एकेक करून सुटले आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांच्याच्याने तो गाळ निघेना. काही वर्षांत आमच्याकडील चारी बाभळींनी भरून गेली. आणि मग उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला! तेव्हा उमगले की, विहिरीत जे पाणी होते, त्यात पाटाचा व भिजलेल्या फडाचा पाझर होता. ज्या पाटाची आम्हांस गरज नाही असे मी म्हणालो होतो, तोच पाट आमची विहीर भरीत होता. दादा आज नाहीत. त्यांनी मला त्यावरून कधी एका शब्दाने बोलून दाखविले नाही, हे मात्र मला अजून बोचते.

फडपद्धतीच्या ऱ्हासास केवळ आमच्यासारखी घरे कारण झाली असे नव्हे. नदीवर वरच्या अंगास धरणे झाली, खाली येणारे पाणी घटले, विहिरी वाढल्या, पिके पालटली. परंतु बाहेरील कारणांपुढे एकजुटीने उभे राहण्याची जी ताकद गावात होती, ती आम्ही आधीच घालविली होती.

मग गेलेली संस्था परत येते काय? येते, याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा हा आदिवासींचा लहानसा पाडा. भोवतालचे जंगल तुटून डोंगर बोडके झाले होते आणि पाण्याची वानवा होती. तेथील श्री. चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांस एकत्र करून वनरक्षणाचा निश्चय केला. झाड तोडणाऱ्यास दंड, राखणीची पाळी आणि निर्णय गावाने बसून घ्यावयाचे, असे नियम झाले. वर्षानुवर्षे ते पाळले गेले. जंगल उभे राहिले, झरे वाहू लागले, शेती सुधारली. तेथील वनभाज्यांच्या महोत्सवास लांबून लोक येतात. 2025 साली भारत सरकारने चैत्रामभाऊंना पद्मश्री देऊन गौरविले. ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्यांनी शिकलेल्यांना धडा घालून दिला.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, हे लहान गावाचे झाले. मोठ्या व्यवहारास सरकारचा कायदा पुरे. तर तसेही नाही. सहकाराचा कायदा आपल्या देशात 1904 साली झाला आणि महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा 1960 सालचा आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांस तो सारखाच लागू. असे असता काही सोसायट्या तीन पिढ्या नीट चालल्या, तर काही सहकारी कारखाने मोठ्या थाटाने उभे राहून बंद पडले. आडसाली ऊस शेतात उभा आणि गाळप बंद, हे दुःख आपल्यापैकी कित्येकांनी सोसले आहे. प्रत्येक ठिकाणची कारणे निराळी असतील, आणि मी कोणास दोष देत नाही. पण कायदा एक असून फळ वेगळे येते, तेव्हा कायद्याखेरीज आणखी काहीतरी लागते हे उघड आहे. सभासदाने सभेस जाणे, हिशेब मागणे, आपल्या गटाच्या माणसासही प्रश्न विचारणे, कर्ज वेळेवर फेडणे, ह्या सवयी कोणत्याही अधिनियमाच्या कलमात मिळत नाहीत.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, जो आपल्या मंडळास लागू आहे आणि म्हणून थोडा अवघड आहे. जातीची संस्था ही समृद्धीस साह्यकारी की मारक?

याचे उत्तर मला एका जुन्या व्यापाराच्या हकीकतीत सापडले. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठी मगरिबी म्हणून ओळखले जाणारे ज्यू व्यापारी होते. कैरो येथील एका जुन्या प्रार्थनामंदिरात त्यांची पत्रे सापडली. परगावी माल पाठवावयाचा तो आपल्याच समाजाच्या आडत्याकडे. आणि एखाद्याने लबाडी केली तर साऱ्या समाजाने त्याच्याशी व्यवहार तोडावयाचा, अशी त्यांची रीत होती, असे अव्नेर ग्रीफ या अभ्यासकाने दाखविले. या रीतीने त्यांचा व्यापार भरभराटला. परंतु इटलीतील जिनोवा शहराच्या व्यापाऱ्यांनी निराळी वाट धरली. लेखी करार, न्यायालय आणि कोणत्याही घराण्याच्या माणसाशी व्यवहार. आरंभी ही वाट अधिक खर्चाची; पण तिच्यामुळे व्यवहाराचे वर्तुळ वाढत गेले. मगरिबींचे वर्तुळ आपल्या माणसांपुरते राहिले.

म्हणजे आपल्या माणसांवरील विश्वास ही शिडीची पहिली पायरी होय. ती खोटी नाही. आपल्या समाजातील कित्येक मुले गावाहून धुळ्यास आली, ती जातभाईच्या ओसरीवर राहून शिकली. मीही तसाच शिकलो. पण पहिल्या पायरीवरच बिऱ्हाड केले तर वरचा मजला कसा दिसावा? 'आपला माणूस' यावरील विश्वासातून 'आपला नियम' यावरील विश्वासाकडे गेले पाहिजे.

अमळनेरचे उदाहरण घ्या. श्रीमंत प्रतापशेठ यांनी गिरणीच्या व्यवसायात द्रव्य मिळविले. त्यांच्या आश्रयाने 1916 साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या शाळेत 1924 ते 1930 या काळात साने गुरुजींनी अध्यापन केले. गुरुजी कोकणातले, शेठजी व्यापारी घराण्यातले आणि विद्यार्थी नाना जातींचे. पैसा एका घराचा होता. फळ साऱ्या खानदेशाला मिळाले. गिरण्यांच्या वैभवाचे ते दिवस मागे पडले, पण शिकलेल्या पिढ्यांनी पुढच्या पिढ्या शिकविल्या. द्रव्याचे संस्थेत रूपांतर कसे करावे, याचा तो धडा आहे.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. मी जे बोलणार आहे त्यात पहिला दोष माझा आहे, म्हणून कोणी रागावू नये. आपल्या शिक्षण-साहाय्य निधीच्या निवडीच्या एका बैठकीत दोन अर्ज शेवटी उरले. एक अर्ज एका विधवा भगिनीच्या मुलीचा. गुण चांगले, पण शिफारस कोणाचीच नाही. दुसरा अर्ज आपल्यातल्याच एका कार्यकर्त्याच्या पुतण्याचा. गुण कमी, पण ओळखी भरपूर. मदत पुतण्यास मिळाली. लेखी नियम काही नव्हता, तेव्हा नियम मोडला असेही कोणास म्हणता येईना. मी त्या बैठकीस हजर होतो. मनातून मला ते पटले नाही, तरी संबंध बिघडतील म्हणून मी गप्प बसलो. आजोबांनी मावसभावास दंड केला. नातू मात्र एका सहकाऱ्याच्या पुतण्यापुढे गप्प बसला! पुढच्या वर्षी त्या भगिनीच्या गावातून एकही अर्ज आला नाही. बाभळी उगवतात त्या अशा.

दुपारच्या सत्रात या निधीविषयीचा ठराव सभेपुढे येणार आहे. त्यात मागितलेल्या गोष्टी मोठ्या नाहीत. निवडीचे नियम लिहून याच स्मरणिकेत छापावेत. ज्याचा नातलग अर्जदार आहे, त्याने त्या निवडीतून उठून बाहेर बसावे. जमाखर्च वार्षिक सभेत वाचून दाखवावा. मदत घेऊन जे मिळवते झाले, त्यांनी ती परत निधीत घालावी, म्हणजे पाटाचे पाणी खालच्या शेतास पोचेल. निवड समितीत निदान दोन भगिनी असाव्यात. आणि आपल्या वाचनालयाचे दार कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्यास उघडे असावे. शेवटच्या कलमावर काही वडीलधाऱ्यांची नाराजी आहे हे मी जाणतो. त्यांना माझी नम्र विनंती एवढीच की, आपली स्वतःची मुले आज ज्या शाळा-महाविद्यालयांत शिकतात, ती कोणी केवळ आपल्या जातीसाठी बांधलेली नाहीत.

नियम छापले म्हणजे काम झाले असे मात्र समजू नका. खरी परीक्षा पहिल्या वर्षी होईल. कारण कोणा ना कोणा वजनदार माणसाचा अर्ज नियमात बसणार नाही. त्या दिवशी समितीने 'नाही' म्हटले आणि त्या गृहस्थाने ते मोठ्या मनाने मान्य केले, तर हा निधी पुढच्या पिढीपर्यंत पोचेल. त्या दिवशी आपण कच खाल्ली, तर छापलेला कागद रद्दीत जाईल. संपत्ती निर्माण होण्यास भांडवल लागते, यंत्र लागते, विद्या लागते. हे सारे खरे. पण आपल्या कष्टाचे फळ मधल्यामध्ये कोणी पळविणार नाही, ही खात्री असल्यावाचून सामान्य माणूस कष्ट, बचत आणि शिक्षण यांवर जीव ओतीत नाही. ती खात्री देणे हेच संस्थेचे काम, आणि ती पाळणे हीच संस्कृती.

त्या मुलीचा शोध मी घेतला. तिच्या आईने मजुरी करून तिला शिकविले. ती आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. यंदा निधीस देणगी म्हणून मी माझ्या निवृत्तिवेतनाचा एक महिना देत आहे. ती प्रायश्चित्ताची रक्कम आहे, तेव्हा देणगीदारांच्या यादीत माझे नाव छापू नये अशी चालकांस विनंती.

 काही अधिक-उणे बोललो असल्यास मास्तरकीची सवय समजून क्षमा करावी. दुपारच्या सत्रास कृपया कोणी जेवण उरकून परस्पर घरी जाऊ नये. गाळ काढण्यास घरटी माणूस लागतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.